पिल्लं उडेपर्यंत कडा बंद

पिरंगुट मागं टाकून मुळशीच्या रस्त्याला लागलं की एक काळा कडा दिसतो. त्याच्या पायथ्याशी आमचं घर. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा ह्या कड्याचा उपयोग एकच होता. दुपारनंतर त्याची सावली आमच्या अंगणात पडायची आणि सासूबाई त्या सावलीत झोपायच्या. मग पुण्याहून माणसं आली. डोक्यावर हेल्मेट, कमरेला लोखंडी कड्यांचा जुडगा आणि पाठीवर निम्मं घर. त्यांनी कड्याला खिळे ठोकले आणि आम्हाला सांगितलं की हा कडा जागतिक दर्जाचा आहे. सासूबाई म्हणाल्या, "असंल बाबा. आमी खालनंच बघितलाय."

ही मंडळी शनिवार-रविवारी येतात. दिवसभर दगडाला लोंबकळून उतरली की भुकेनं कासावीस होतात, म्हणून मी त्यांना पिठलं-भाकरी करून घालू लागले. आता माझ्या ओसरीवर न जेवता परत गेलेला माणूस कड्यावर चढलाच नाही असं समजतात.

ह्यांच्यात दोन पंथ आहेत. पहिला पुण्यातल्या जुन्या संस्थेचा. त्याचे प्रमुख सर. निवृत्त माणूस, गळ्यात शिट्टी, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "आमच्या वेळी" अशी. दुसरा पंथ हिंजवडीच्या कंपन्यांतला. ही पोरं वातानुकूलित खोलीत खोट्या भिंतीवर चढायला शिकली आणि मग खरा डोंगर बघायला आली. त्यांचा जो पुढारी, त्याला सगळे लीड म्हणतात. सरांच्या मते लीडच्या लोकांनी कडा बाटवला. लीडच्या मते सरांच्या गाठी वस्तुसंग्रहालयात ठेवण्याच्या लायकीच्या. दोन्ही पंथ माझ्या ओसरीवर एकमेकांकडं पाठ करून बसतात आणि एकाच पातेल्यातलं पिठलं ओरपतात.

माझी मुलगी ह्या दोघांच्यामध्ये वाढली. सरांकडून गाठी शिकली, लीडच्या गटातल्या कुणीतरी टाकून दिलेल्या बुटांत पाय कोंबून चढायला लागली. घोटावड्याच्या कारखान्यात नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारात तिनं स्वतःचे बूट घेतले. मी म्हटलं एखादी साडी तरी घ्यायचीस. ती म्हणाली, "साडी नेसून वर जाता येत न्हाई."

कड्याच्या मधोमध एक उभी भेग आहे. ती वर जाते आणि शेवटी खडक घराच्या वळचणीसारखा पुढं येतो. त्याला हे लोक छत म्हणतात. ते छत ओलांडून वर जाणं दोन्ही पंथांतल्या कुणालाच जमलं नव्हतं. गेल्या हंगामात माझी पोरगी छताच्या थोडं खाली पोचली आणि पडली. दोराला लोंबकळत खदाखदा हसत होती. खाली मी भाकरीच्या पिठात पाणी किती घातलं ते विसरले, आणि त्या दिवशी सगळ्यांनी पिठाची लापशी निमूट खाल्ली.

यंदा तिचं लग्न ठरलं. नांदे गावचं घर. चांगली माणसं, जमीन विकून खोल्या बांधलेली. पोरगाही साधा आहे, मान डोलावतो. फक्त होणारी विहीणबाई सुपारी फुटली त्या दिवशीच गोड हसून म्हणाल्या, "ते दोराचं तेवढं लग्नापातुर हं." नांदं इथून गाडीवर जवळ, पण सासर काही किलोमीटरात मोजत नाहीत. लग्न वैशाखात. म्हणजे छत ओलांडायचं तर ह्याच हंगामात, नाहीतर कधीच नाही. संक्रांतीपासून पोरगी रोज कामावरून आली की दाराच्या चौकटीला बोटांनी लोंबकळायला लागली. आमची चौकट सागवानी आहे म्हणून टिकली.

आणि नेमकं तेव्हाच, छताच्या खाली, भेगेला लागून असलेल्या कपारीत ससाण्याच्या जोडीनं बिऱ्हाड केलं.

शाहीन ससाणा. हे नाव आम्हाला पक्ष्यांच्या अभ्यासक एक बाई पुण्याहून दुर्बीण घेऊन आल्या तेव्हा कळलं. तोवर आमच्याकडं वाकड्या चोचीचं जे काही उडतं ती घार. सासूबाईंचा तर तिच्यावर जुना दावा होता, कोंबडीची पिल्लं नेते म्हणून. बाईंनी समजावलं की हा ससाणा उडतं पाखरू हवेतच धरतो, अंगणातलं पिल्लू नेत नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या पुण्यात न्हेत नसंल." पण मादी अंड्यांवर बसणार आहे म्हटल्यावर मात्र त्यांचा सूर बदलला. "मंग तिला उठवू नगासा. बाळंतीण हाय ती."

मग ओसरीवर बैठक झाली. ससाण्याचा अंडी घालायचा काळ आणि ह्या लोकांचा चढाईचा हंगाम एकच. कडा सगळा बंद केला तर चढणारे जाणार कुठं, उघडा ठेवला तर पक्षी जाणार कुठं, ह्यावर पुष्कळ चर्चा झाली आणि पुष्कळ भाकऱ्या संपल्या. शेवटी ठरलं, आणि खरं सांगायचं तर बरं ठरलं. डावी बाजू चढायला खुली, मधली भेग पिल्लं उडेपर्यंत बंद. सर आणि लीड यांनी हात मिळवले आणि लगेच कपड्यांना पुसले.

त्या भेगेवर जिचा जीव अडकला होता तिला कुणी विचारलं नाही. ती चहा देत होती.

मला त्या पाखराचा राग आला. अगदी खरा राग. अख्खा सह्याद्री पडलाय, तिला माझ्या लेकीचीच भेग सापडली? मी चुलीपाशी पोरीला म्हटलं, "दुसरा डोंगुर मिळंना व्हय तिला?"

ती कप विसळत म्हणाली, "जागा चांगलीच हाय ती. मीबी तितंच घर केलं असतं."

शिमग्याच्या आधी भानगड झाली. डाव्या बाजूला चढणाऱ्या कुणाला तरी दिसलं की मधल्या भेगेवर, कपारीच्या खाली, पांढरे पट्टे उमटलेत. आता, हे लोक चढताना हाताला घाम सुटू नये म्हणून पांढरी पूड लावतात. चॉक म्हणतात तिला. खडकावर जिथं जिथं हात लागतो तिथं पांढरं उमटतं. तेव्हा पांढरे पट्टे म्हणजे चॉक, चॉक म्हणजे चढाई, आणि चढाई म्हणजे कुणीतरी बंदी मोडली. मोबाईलवरच्या गटात आग लागली. सरांच्या लोकांनी लिहिलं, ही हिंजवडीची संस्कृती. लीडच्या लोकांनी लिहिलं, रात्री चोरून चढायची सवय कुणाला आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुणीतरी निसर्ग रडतोय असं चित्र टाकलं. त्याला दोन्ही बाजूंनी सारखेच अंगठे मिळाले.

मग सत्यशोधनासाठी समिती नेमली. समितीत सर आणि लीड, कारण एकाला एकट्यानं पाठवायला दुसरा तयार नव्हता. पक्ष्यांच्या बाईंना विचारावं असं माझी मुलगी म्हणाली. सर म्हणाले, "त्यांचा विषय पक्षी, बाळ. चॉक हा तांत्रिक विषय आहे."

"पर सर, कडा बंद हाय ना?"

"आपण चढत नाही आहोत. आपण पाहणी करतो आहोत."

"आणि आपण वरून दोरानं खाली येणार," लीड म्हणाला. "टेक्निकली उतरणं म्हणजे क्लाइंबिंग नाही." आयुष्यात पहिल्यांदा सरांनी त्याच्याकडं कौतुकानं बघितलं.

रविवारी सकाळी समिती मागच्या वाटेनं माथ्यावर गेली आणि छताला डावीकडून वळसा घालून दोरावरून उतरू लागली. खाली आम्ही सगळे माना वर करून. सर पांढऱ्या पट्ट्यापाशी थांबले. बोट फिरवलं. चिमटीत चोळलं. वास घेतला. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, ते बोट जिभेला लावलं. कड्यावर आवाज घुमतो, त्यामुळं निकाल आम्हाला खाली स्वच्छ ऐकू आला.

"इम्पोर्टेड आहे! आमचे लोक हा वापरत नाहीत!"

लीडनं तिथल्या तिथं आक्षेप घेतला आणि त्यानंही चाखून बघितलं. त्याच्या मते माल देशी होता आणि जुना होता. कपारीपासून दोन हातांवर लोंबकळत ह्या दोघांचा वाद रंगला, आणि त्याच वेळी कपारीतनं मादी बाहेर पडली. ती किंचाळत आभाळात गेली आणि तिथनं दगडासारखी खाली आली. सरांच्या हेल्मेटवरनं वारा गेला असं ते पुढं बरेच दिवस सांगत होते. समिती ज्या वेगानं खाली आली तसं उतरणं तिच्या कुठल्याच सभासदानं आधी केलं नसेल.

इथवर हसण्यासारखं होतं. पण खाली आल्यावर त्यांनी दोर ओढला आणि तो आला नाही. ओढताना तो उजवीकडं सरकून छताखालच्या भेगेत गेला आणि गाठ तिथं रुतून बसली. दोराचं एक टोक सुटून बरोबर कपारीच्या तोंडाशी वाऱ्यावर फडफडायला लागलं. मादी घिरट्या घालायची, कपारीपाशी यायची, टोक फडफडलं की बिचकून परत जायची. ऊन वर चढत होतं. कपार दुपारपर्यंत उन्हात असते.

पोरीनं पक्ष्यांच्या बाईंना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "अंडी उन्हात फार वेळ उघडी राहिली तर संपलं. आधी दोर काढा, मग भांडा."

पण हे आधी भांडले. दोर लीडचा, गाठ सरांची. वरून जाऊन उपयोग नव्हता, छत आडवं येत होतं. खालून भेगेनंच जायला हवं होतं. सरांना एकाएकी गुडघ्याची आठवण झाली. लीड म्हणाला, ही लाईन त्याला वॉर्मअपशिवाय झेपणार नाही. मग दोघांनी एकदम माझ्या मुलीकडं बघितलं. ती बुटांच्या नाड्या बांधत होती.

"जा बाळ," सर म्हणाले. "सांभाळून."

ती चढली. तिच्या कमरेचा दुसरा दोर ती वाटेतल्या खिळ्यांत अडकवत गेली, खालून तो लीडनं धरला. गेल्या वर्षी जिथं पडली ती जागा तिनं न थांबता मागं टाकली आणि गाठीपाशी पोचली. गाठ सोडवली, दोर खाली सोडून दिला. आणि मग थांबली. छत तिच्या डोक्यावर होतं. इतक्या जवळ ती कधीच गेली नव्हती. लीड पुटपुटला, "आज जाईल ती. आज होतंय."

मी मनात म्हणाले, जा. अंडी, बाळंतीण, काही काही सुचलं नाही मला. नुसतं जा. नांद्याच्या घरात खोल्या पुष्कळ असतील, पण असं छत नसेल.

तिनं वर बघितलं. मग उजवीकडं, आभाळात बघितलं. आणि खाली हाक दिली, "घ्या मला खाली."

तिचे पाय जमिनीला टेकतात न टेकतात तोच मादी कपारीत शिरली आणि परत बाहेर आली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पोरीला बाजूला घेतलं. "वर का न्हाई गेलीस?"

"ती बघत हुती की आई."

पुढच्या रविवारी ओसरीवर निकाल लागला. पक्ष्यांच्या बाई आल्या होत्या. त्यांनी फोटो बघितले आणि सांगितलं की हे पांढरे पट्टे म्हणजे ससाण्याची शीट. घरट्याखाली असे पट्टे पडतातच, घरटं ओळखायची ती खूणच आहे. सर पाणी प्यायले. मग आणखी पाणी प्यायले. मग मला म्हणाले, "वहिनी, थोडी बडीशेप असेल का?" लीडनं माझ्याकडं न बघता हात पुढं केला.

तेव्हा बंदी कुणीच मोडली नव्हती. आता हे कुठल्याही शहाण्या माणसाला पुरेसं झालं असतं. पण बैठक बोलावली की काहीतरी निष्पन्न व्हावं लागतं. सरांनी घसा साफ करून सांगितलं की समितीचं उतरणं ही पाहणी होती, तिला चढाई म्हणता येत नाही. मात्र बंद काळात मधल्या भेगेवर खालून वर चढलेली व्यक्ती एकच आहे. हेतू उदात्त होता, धाडस कौतुकास्पद होतं, पण नियम सर्वांना सारखा. स्थानिकांना वेगळा न्याय असा चुकीचा संदेश जाऊ नये. म्हणून पिल्लं उडेपर्यंत तिला दोन्ही बाजूंना चढाई बंद. प्रतीकात्मक. लीडनं अनुमोदन दिलं. दोन्ही पंथ एकमतानं उभे राहिलेले मी तेव्हाच पाहिले. नंतर तिच्या धाडसासाठी पुन्हा टाळ्या झाल्या.

पोरगी "बरं" म्हणाली आणि ताटं उचलायला वाकली.

माझा पारा चढला. मी तिच्या हातातलं ताट काढून खाली ठेवलं. म्हटलं, "ज्यांनी खाल्लंय त्यांनी उचला. आन् आता माझा ठराव ऐका. तुमी पाखराच्या दारात जाऊन तिची घाण चाखली, ती पाहणी. तुमचं निस्तरायला तुमीच हिला वर पाठवली, तो गुन्हा. तर आजपासनं ही चूलबी बंद. पिल्लं उडंपातुर. प्रतीकात्मक न्हाई, खरीखुरी."

सर म्हणाले, "वहिनी, जेवणाचा आणि ह्याचा काय संबंध?"

संबंध त्यांना पुढच्या दोन रविवारी कळला. पहिल्या रविवारी त्यांनी बिस्किटं आणली. दुसऱ्या रविवारी पिरंगुटाहून गार झालेले वडापाव. त्यानंतर गाड्याच आल्या नाहीत. डावी बाजू खुली होती, पण निसर्गावर प्रेम करायलासुद्धा पोटात काहीतरी लागतं. जे ठरावानं झालं नाही ते पिठल्यानं झालं. कडा असा शांत झाला की मादीची साद मला चुलीपाशी ऐकू यायची.

लग्नाच्या वर्षात घरात येणारा पैसा मी स्वतःच्या हातानं थांबवला होता. नवऱ्यानं ते एकदा बोलून दाखवलं. मी म्हटलं, ससाण्याला जाऊन सांगा. पक्ष्यांच्या बाई मात्र यायच्या, त्यांना मी जेवायला घालायची. त्यांच्या दुर्बिणीतनं मी कापसाच्या गोळ्यांसारखी पिल्लं बघितली. मादी चोचीनं एकेकाला भरवत होती, आणि जे जास्त ओरडेल त्याला आधी. मला तिचा राग यायचा कधी बंद झाला ते कळलं नाही. पण पोरीकडं बघितलं की मी कॅलेंडरावर दिवस मोजायला लागायची. पिल्लांना पिसं फुटायला लागली तशी लग्नाची तारीखही जवळ येत होती, आणि दोन्हींत पुढं कोण पोचतंय ते माझ्या हातात नव्हतं.

हळदीच्या दिवशी सकाळी मोबाईलवर निरोप आला. पिल्लं उडाली, कडा खुला. त्या निरोपाखाली सर आणि लीड दोघांनी मोहीम यशस्वी झाल्याबद्दल एकमेकांचं अभिनंदन केलं होतं.

पोरीनं निरोप वाचला तेव्हा तिला हळद लागून तास झाला होता. हातात हिरवा चुडा, अंगभर पिवळं. हळद लागली की मुलीनं गावाची शीव ओलांडायची नसते. तिनं फोन पालथा ठेवला. माझी मुलगी रडते ती अशी.

सासूबाई सुपारी कातरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शीव माथ्यावर हाय. अलीकडचा समदा कडा आपल्याच गावचा."

पोरीनं फोन पुन्हा सुलटा केला.

"वर जायाचं तर जा. माथ्याच्या पल्याड पाऊल टाकू नगंस. आन् बांगडी वाढता कामा न्हाई."

दुपारी पाहुणे जेवून आडवे झाले तेव्हा आम्ही तिघी मागच्या दारानं निघालो. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून सासूबाईंनी पोरीचा चुडा मनगटापासून कोपरापर्यंत घट्ट गुंडाळला. पोरीनं साडी बदलून जुनी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली, बूट चढवले. दोर माळ्यावर होता. तो धरायला मात्र कुणी नव्हतं, म्हणून मी धरला. पोरीनं मला अंगणातल्या आंब्याखाली कधीतरी हे शिकवलं होतं, तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. माझ्या वजनावर घरात आजवर बरंच बोलून झालंय. त्या दिवशी ते पहिल्यांदा कामी आलं.

ती भेगेनं वर गेली. कपार रिकामी होती. छताखाली पोचल्यावर तिनं एक हात वर टाकला, मग दुसरा, आणि तिचे पाय सुटले. ती नुसत्या हातांवर लोंबत होती.

"आई, दोर सोड!"

मी सोडेना. सोडायचा म्हणजे तिला वर जायला सैल द्यायचा, हे मला माहीत होतं. पण हात ऐकेनात.

"आई, सोड की गं!"

मी सोडला. तिनं एक टाच छताच्या कडेवर टाकली, अंग वर ओढलं, आणि मला तिच्या पिवळ्या पोटऱ्या तेवढ्या दिसल्या. मग त्याही दिसेनाशा झाल्या. दोर माझ्या हातातनं सरसर वर जात राहिला. वरून तिनं मोठ्यानं आरोळी ठोकली. मला काही दिसेना, डोळे भरून वाहत होते.

सासूबाई शेजारच्या दगडावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "रडायचं उद्या. आत्ता दोर धर."

मी धरला.